पॅकिंगचा कान

अकोल्याच्या बायपासला ट्रक जिथं रांगेनं उभे असतात, तिथं जानराव मिस्त्रींचं टिनाचं शेड आहे. पाटीवर नाव जानरावांचंच. पण तेल्हाऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंतचे ड्रायव्हर पत्ता सांगताना 'बाई पॅकिंग कापते ते गॅरेज' असंच सांगतात. ती बाई म्हणजे मैना, जानरावांची बायको.

मैना मूळची तेल्हाऱ्याची. सातवीपर्यंत शिकली, मग शिलाई शिकली. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ती डबा घेऊन शेडमधे आली, तेव्हा जानराव ब्लेडनं पॅकिंग कापायला बसले होते. दोन लोखंडी भागांच्या मधे पाणी किंवा तेल गळू नये म्हणून जो जाड कागद बसवतात, ते पॅकिंग. जुन्या गाड्यांचं तयार पॅकिंग बाजारात मिळत नाही, हातानंच कापावं लागतं. जानरावांनी तीन कागद वाया घालवले होते. मैना म्हणाली, "द्या इकडं. मी ब्लाउजचा गळा कापतो, हे काय मोठं." जानरावांनी कागद दिला, आणि तेव्हापासून तीस वर्षं ते काम तिच्याकडंच राहिलं.

तिची रीत अशी. कागद त्या लोखंडी भागावर ठेवायचा, डाव्या हातानं दाबून धरायचा आणि लहान हातोडीच्या गोल तोंडानं काठाकाठानं टुकटुक करत जायचं. लोखंडाची धारच कागद कापते. बोल्टच्या भोकावर बेअरिंगमधला छर्रा ठेवून एकच ठोका, की भोक पडतं. आणि शेवटी एक गोष्ट ती स्वतःच्या मनानं करायची. ब्लाउज शिवताना जशी माया सोडतात, तसा ती पॅकिंगला एका बाजूनं नखाएवढा तिकोनी तुकडा बाहेर सोडायची. त्याला ती कान म्हणायची. पुढं कोणी ते झाकण उघडलं, तर कान धरून पॅकिंग अलगद उचलता यावं, पेचकसानं खरवडायची पाळी येऊ नये. बाजारातल्या पॅकिंगला असा कान नसतो. अकोल्यात दुसरा कोणी मिस्त्रीही सोडत नाही. मैना सोडायची आणि तिनं शिकवला म्हणून तिचा मुलगा सुगत सोडायचा.

सुगत घरातून गेला त्याला आठ वर्षं झाली.

त्या पौष महिन्यात थंडी चांगलीच होती. सकाळी बुद्धवंदना आटोपून मैना शेडमधे आली, तेव्हा जानराव डब्यावर बसून ऊन घेत होते. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. मोठं काम ते दुसऱ्याकडून करवून घेतात, आणि बारीक काम मैना करते, ते बसून सांगतात. तेवढ्यात एक जुना ट्रक, वीस-बावीस वर्षांचा तरी असेल, पांढरा धूर सोडत येऊन उभा राहिला. डोक्याला मफलर गुंडाळलेला एक साठीचा माणूस उतरला.

"बाई पॅकिंग कापते ते गॅरेज हेच काय?" त्यानं विचारलं.

जानराव म्हणाले, "हेच. पण गाडी मी पाह्यतो, बाई पाह्यत नाही."

"मंग तुमीच पाहा बाप्पा, मले काय."

पंजाबराव त्यांचं नाव, अंजनगाव सुर्जीचे. स्वतःची गाडी, स्वतःच चालवतात. त्यांची तक्रार होती की इंजिन गरमच होत नाही. दहा-पंधरा किलोमीटर गेलं तरी काटा खालीच, गाडी ओढत नाही, डिझेल पिते. जानरावांनी न उघडताच सांगितलं की वॉल्व नसेल. इंजिन थंड असेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ द्यायचं नाही आणि गरम झालं की वाट मोकळी करायची, एवढंच त्या थर्मोस्टॅट वॉल्वचं काम. आपल्याकडं उन्हाळ्यात गाडी तापली की मिस्त्री लोक तो काढून फेकतात आणि पुन्हा बसवायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही.

पंजाबराव म्हणाले की खरी गोष्ट आहे, वॉल्व काढलेलाच आहे. मागच्या महिन्यात राजनांदगावच्या अलीकडं गाडी उकळली, तिथं ढाब्याजवळच्या मिस्त्रीनं तो अडकलेला वॉल्व काढून दिला आणि नवा बसवून घ्यायला सांगितलं. नवा त्यांनी येता येता अकोल्याच्या बाजारातून आणला होता.

जानराव सांगत गेले आणि मैना करत गेली. इंजिन थंड होऊ दिलं. खालचा कॉक उघडून थोडं पाणी बादलीत काढलं. वरच्या जाड रबरी पाइपाची क्लिप ढिली करून पाइप बाजूला केला. मग इंजिनच्या पुढच्या अंगाचं ते लहानसं झाकण. त्याचे बोल्ट खोलायला तिनं पाना लावला आणि हात तिथंच थांबला.

झाकणाच्या डाव्या बाजूनं कागदाचा एक तिकोनी तुकडा बाहेर आलेला होता. नखाएवढा.

तिनं तो बोटानं पुसला. काळं तेल निघालं, खाली कागद तपकिरी, जवळजवळ नवाच होता. तिनं बोल्ट खोलले, झाकण काढलं आणि तो कान चिमटीत धरला. पॅकिंग अख्खं वर आलं, कुठं फाटलं नाही. तिनं ते उजेडाकडं धरलं. मधलं मोठं भोक होतं, बोल्टची तिन्ही भोकं होती आणि काठाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढं चौथं भोक होतं. त्याला शेडमधे चोर भोक म्हणत. ते पाडलेलं होतं.

त्या चौथ्या भोकावरूनच सगळं झालं होतं.

आठ वर्षांपूर्वीची बुद्ध पौर्णिमा होती. संध्याकाळी विहारात खीर न्यायची होती, दूध घरी येऊन पडलं होतं, आणि इकडं पाच पॅकिंग एकदम कापायची होती. शेडच्या खांबाला दोन खिळे ठोकलेले. एकावर अर्धवट पॅकिंग लावायची, दुसऱ्यावर तयार. शेवटच्या पॅकिंगचं चोर भोक पाडायच्या वेळी बारका छर्रा हातातून सुटून घरंगळला. मैनेनं थोडा वेळ शोधला. मग उद्या पाहू म्हणून ते पॅकिंग खिळ्यावर लावलं आणि खिरीसाठी घरी पळाली. घाईत ते तयारच्या खिळ्यावर गेलं.

दुसऱ्या दिवशी सुगतनं ते तिथून उचलून एका गाडीच्या वॉल्ववर बसवलं. मायच्या हातचं पॅकिंग कधी तपासून पाहायचं नसतं, असं तो नेहमी म्हणायचा. वॉल्व उघडेपर्यंत पाणी इंजिनातच फिरत राहायला ती बारीक वाट लागते, तीच बंद राहिली. गाडी कापसाच्या गाठी घेऊन धारणीच्या घाटात चढली. आत वाफ कोंडली, वॉल्व उघडलाच नाही आणि इंजिनचं हेड तडकलं.

गाडी ओढून आणली, तेव्हा शेडमधे दहा-बारा माणसं जमली होती. सुगतनं झाकण खोललं, पॅकिंग वर उचललं आणि पाहिलं. मग त्यानं मैनेकडं पाहिलं. ती डबा हातात घेऊन खांबाजवळ उभी होती. तिला कळलं की त्याला कळलं. जानरावांनी विचारलं, काय झालं, कोणाचं चुकलं. सुगतनं पॅकिंगची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाला, "माह्यंच चुकलं, बाबा. पाहून बसवलं नाही."

जानरावांनी सगळ्यांसमोर त्याच्या मुस्काटात मारली. बावीस वर्षांच्या पोराच्या. त्याच्या हातातला तेरा नंबरचा रिंग पाना हिसकावून भिंतीवर टांगला आणि म्हणाले, या शेडमधे पुन्हा पान्याले हात लावू नोको.

मैनेनं तेव्हा तोंड उघडायला पाहिजे होतं. तिनं उघडलं नाही. जानराव रागात होते, माणसं बघत होती, उद्या सांगू असं तिला वाटलं. जसं त्या छर्ऱ्याचं वाटलं होतं, तसंच. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं सुगत निघून गेला. महिनाभरानं एका अनोळखी नंबरवरून फोन आला, मी बरा हाये, मले शोधू नका. तो नंबर पुन्हा कधी लागला नाही. नागपूरपर्यंत, भुसावळपर्यंत माणसं पाठवली, नातेवाइकांत विचारलं. काही हाती लागलं नाही.

तेव्हापासून मैना रोज सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी अडखळते. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, असं ते शील. ती खोटं बोलली नव्हती, नुसती गप्प राहिली होती. पण एवढ्यानं स्वतःचं समाधान करून घ्यायला बसलं तरी आवाज तिथं बसतोच. बुद्ध पौर्णिमेला ती खीर करते, विहारात नेते, वाढते. स्वतः तोंडाला लावत नाही. आणि कापलेलं प्रत्येक पॅकिंग ती खिळ्यावर लावण्याआधी उजेडाकडं धरून पाहते, भोकं मोजते. जानरावांना वाटतं, वय झालं, हिची नजर कमी झाली.

तर ते पॅकिंग हातात धरून मैना पंजाबरावांकडं वळली. तो मिस्त्री कसा होता, असं तिनं विचारलं. पंजाबरावांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. होता एक उंचसा, दाढीवाला, तिशीचा असेल, हिंदीत बोलत होता, असं त्यांनी सांगितलं. मग चहाचा घोट घेऊन त्यांना आठवलं.

"पण मी अंजनगावचा म्हणल्यावर तो आपल्या बोलीत आला. मी म्हणलं, वॉल्व आमच्या अमरावतीले भेटते, तिथंच बसवून घेईन. तं म्हणे नाही, अकोल्यालेच जा. मी म्हणलं काहून, मले उलटं पडते. तं म्हणे, बायपासले एक माय पॅकिंग कापते. तिच्या हातचं पॅकिंग गळत नाही."

मैना जमिनीवर बसली. पाय दुमडून, जशी ती कापायला बसते, तशीच. पंजाबराव गोंधळले, त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. जानराव डब्यावरून उठायला लागले आणि विचारू लागले की कोण, कोणाचं बोलता, काय वं मैना.

तिनं त्यांच्या हातात पॅकिंग दिलं. त्यांनी कान पाहिला. अंगठ्यानं चाचपला.

मग जानरावांना एकदम पुष्कळ विचारायचं झालं. ढाब्याचं नाव काय, रस्त्याच्या कोणत्या अंगाला, तब्येत कशी होती, एकटाच होता का. पंजाबरावांना जेवढं आठवलं तेवढं त्यांनी सांगितलं. पंधरा दिवसांनी त्यांची फेरी पुन्हा त्याच रस्त्यानं होती. ते म्हणाले, निरोप द्या, मी स्वतः नेऊन सांगतो.

निरोप काय द्यायचा हे मैनेला आठ वर्षांपासून माहीत होतं. पण तो आधी घरात सांगितल्याशिवाय बाहेर पाठवता येत नव्हता.

नवा वॉल्व बसवण्याआधी गरम पाण्यात पाहून घ्यायची शेडची रीत आहे. मैनेनं चहाचं पातेलं धुतलं, पाणी भरून गॅसवर ठेवलं, वॉल्वला तार बांधून आत सोडला. पंजाबराव पाय मोकळे करायला रस्त्याकडं गेले. दोघं नवरा-बायको पातेल्याशी बसले. पाण्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले.

"सुगतचे बाबा," ती म्हणाली, "धारणीच्या गाडीचं ते पॅकिंग माह्या हातचं होतं. चोर भोक पाडायचं राह्यलं होतं. मी चुकीच्या खिळ्यावर लावलं. त्यानं पाह्यलं होतं, त्याले माहीत होतं."

जानरावांनी पातेल्यावरून नजर काढली नाही. वाफ यायला लागली. वॉल्व अजून घट्ट बंद होता.

"आठ वर्सं तू माह्या बाजूले बसून जेवली," ते म्हणाले.

"हव."

"अन् मी त्याले साऱ्यांसमोर मारलं."

पाणी उकळायच्या बेताला आलं आणि वॉल्वची पितळी तबकडी हळूहळू वर सरकू लागली. आधी केसाएवढी फट, मग चांगली बोटाच्या पेराएवढी. जानरावांनी मान हलवली.

"उघडला," ते म्हणाले. "काढ आता. नाहीतर नुसतंच उकळत बसशील."

ते रागावले होते का, हे तिला तेव्हा कळलं नाही. पण डबा ओढून ते इंजिनाशी आले आणि रोजच्यासारखे सांगत बसले. आतल्या भोकात आधी फडकं कोंब, कचरा आत जाईल. दोन्ही तोंडं साफ कर. मैनेनं कागद बसतो ती दोन्ही तोंडं पुसली, कुठं खड्डा आहे का, हे नखानं पाहिलं. खरवडायचं काही नव्हतंच, पॅकिंग कानानं उचललं होतं. फडकं काढून वॉल्व त्याच्या खाचेत बसवला, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडं. त्याच्या काठावर एक हलणारी बारीक पिन असते, अडकलेली हवा तिथून निघते. ती वरच्या अंगाला घेतली. "उलटा तं नाही ना?" जानरावांनी विचारलं. तीस वर्षं ते हे विचारत आले होते. ती म्हणाली, नाही.

मग ती कापायला बसली. झाकण उपडं ठेवलं, कागद टाकला, हातोडीची टुकटुक सुरू झाली. मधलं भोक, बोल्टची तीन भोकं. चोर भोकाच्या वेळी तिनं छर्रा दोन बोटांत घट्ट धरला, ठोका मारला आणि पॅकिंग उजेडाकडं धरून पाहिलं. कान सोडला. मग पहिलं बाजूला ठेवून तिनं तसंच दुसरं कापलं.

पंजाबराव परत आले होते. त्यांनी विचारलं, "दोन काहून? एकच तं बसते."

"एक गाडीले. एक त्याले द्या," मैना म्हणाली. "अन् त्याले म्हणा, चोर भोक पाडलं हाये. अन् मायनं घरी सांगतलं."

"एवढंच?"

"एवढंच सांगा. त्याले समजते."

पहिल्या पॅकिंगला तिनं दोन्ही अंगांनी सिलिकॉनचा पातळ हात फिरवला, बोटाच्या टोकानं, काजळ लावावं तेवढाच. जास्त लावलं तर आत ओघळून रेडिएटरच्या नळ्या बुजवतं. झाकण बसवलं, बोल्ट आधी हातानं, मग पान्यानं, एक थोडा, दुसरा थोडा, तिसरा थोडा, सगळे सारखे. झाकण ॲल्युमिनियमचं, एकाच बाजूनं आवळलं तर तडकतं. सिलिकॉन धरायला तासभर तरी सोडावं लागतं. त्या तासात तिनं पंजाबरावांना भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. दुसरं पॅकिंग तिनं जुन्या वहीच्या दोन कोऱ्या पानांत ठेवलं, दुमडू नये म्हणून वरून पुठ्ठा बांधला.

तेवढ्यात जानराव भिंतीपाशी गेले. तिथं खिळ्याला तेराचा रिंग पाना टांगलेला होता. आठ वर्षांत शेडमधे त्या पान्याला कोणी हात लावला नव्हता. तेराचा बोल्ट आला की दुसरा पाना शोधायचे. त्यांनी तो काढला. गंजला होता. डिझेलच्या फडक्यानं ते पुसत बसले. हात थरथरत होते, म्हणून वेळ लागला, पण त्यांनी मैनेला पुसू दिला नाही. पुसून झाल्यावर पंजाबरावांच्या हातात ठेवला.

"हा त्याचा हाये," ते म्हणाले. "इथं ठेवून गेलता."

हिसकावला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. पंजाबरावांनी पाना आणि पुठ्ठा मफलरमधे गुंडाळला आणि केबिनमधे डॅशबोर्डवर, गजानन महाराजांच्या फोटोमागं ठेवला.

पाणी भरलं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी सुरू केली. बुडबुडे निघाले, पातळी खाली गेली, पुन्हा भरलं, झाकण लावलं. मैनेनं वरच्या रबरी पाइपावर हात ठेवला. थंडगार. इंजिन धडधडत होतं, काटा वर चढत होता आणि पाइप थंडच. चांगला वॉल्व असाच असतो, वेळ होईपर्यंत कळू देत नाही. पंजाबराव अधीर झाले, ॲक्सिलेटर द्यायला लागले. जानरावांनी हातानंच थांबवलं. पाच मिनिटं गेली, सात गेली. मैना हात ठेवून उभी होती. मग तळव्याखाली कोमट लागलं आणि बघता बघता इतकं गरम, की हात उचलावा लागला. तिनं झाकणाच्या कडेनं कोरडं बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं. कान बाहेर होता, डाव्या बाजूला.

ट्रक गेला, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. जानराव रस्त्यापर्यंत जाऊन उभे राहिले आणि धूर पाहत होते. धूर साफ होता.

रात्री ते मैनेच्या बाजूला जेवायला बसले नाहीत, बाहेर ओट्यावर ताट घेऊन गेले. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री आले, खाली मान घालून जेवले आणि उठताना म्हणाले, "पंजाबरावचा फोन नंबर तू घेतला होता ना?" तिनं घेतला होता. दोघांनी तो पाहिला, पण लावला नाही. पंजाबरावांची फेरी व्हायला अजून बारा दिवस होते.

सकाळची वंदना ती रोज म्हणते. चौथं शील आलं की अजूनही तिचा आवाज हलतो, पण थांबत नाही. मग ती शेडमधे येते, कागद अंथरते, टुकटुक सुरू करते. कापलेलं पॅकिंग खिळ्यावर लावण्याआधी ती उजेडाकडं धरते. आता ती पूर्वेकडं तोंड करून धरते. चोर भोक ज्वारीच्या दाण्याएवढं असतं. डोळ्याजवळ धरलं, की त्यातून राजनांदगावहून, नागपूरकडून येणारा रस्ता दिसतो, आणि कधी कधी त्यावरून येणारं एखादं वाहन.